नखाएवढा तुकडा

वर्तमानपत्रावर जिप्सीच्या पुढच्या चाकाच्या जॉइंटचे सहा छर्रे मांडून ठेवले होते. पाच लख्ख, सहाव्यावर तापल्याचा निळसर डाग. शेजारी छर्रे धरून ठेवणारा पिंजरा, दोन ठिकाणी तडकलेला, आणि त्याच्या पलीकडे वाटीचे तुकडे. पौडच्या अलीकडचं रस्त्यालगतचं गॅरेज, सकाळपासूनची झड नुकतीच थांबलेली, पत्र्यावरून अजून थेंब गळत होते आणि नव्वद नंबरच्या तेलाचा तो गंधकी वास ओल्या हवेत जास्तच दाटला होता. मिस्त्री उकिडवे बसून वाटीचे तुकडे एकमेकांना लावून बघत होते; हातून फुटलेली बशी घरात कुणीतरी लावून बघतं, तसे. तीन तुकडे जुळले. काठावर नखाएवढी खाच उरली. “ओढ्यात पडला असेल,” गाडीचे मालक म्हणाले. मिस्त्रींनी मान वर केली नाही. “ओढ्यात कसा जाईल, साहेब? जॉइंटभोवतीची ही डबी, नकल, चारी बाजूंनी बंद. आतच आहे कुठंतरी.”

गाडी मारुतीची जिप्सी किंग. दोन इंच वाढवलेल्या शॅकल, म्हणजे पाट्यांची (पट्ट्यांच्या स्प्रिंगची) टोकं चासीला टांगणाऱ्या कड्या, ३१ इंची टायर, बाहेर आलेले रुंद रिम, बाकी सगळं कंपनीतून आलं तसं. मुळशीकडच्या एका ओढ्यातून वर येताना पुढचं उजवं चाक धोंड्याला टेकलं, स्टिअरिंग शेवटपर्यंत उजवीकडे वळलेलं होतं, गाडी अडली म्हणून क्लच झटक्यात सोडून ॲक्सिलरेटर दाबला गेला, आणि टक्. मोठा आवाज झालाच नाही म्हणतात. सुपारी फुटल्यासारखा झाला. त्याच जागेवरून मागची, लष्कराच्या लिलावातून घेतलेली, बारीक टायरांची जिप्सी लोच्या, म्हणजे फोर बाय फोरच्या हळू पण जोरकस पट्टीच्या, पहिल्या गिअरमध्ये रांगत वर निघून गेली होती. हे सगळं सांगून झाल्यावर मालकांनी विचारलं, “मिस्त्री, आता जाड शाफ्ट कुठला बसेल?”

बोचत राहिला तो हा प्रश्न.

कारण प्रश्न चुकीचा नाही, फक्त उलट्या टोकाने आला आहे. जुनी फोर बाय फोर हातात आली की पहिला खर्च उंचीवर होतो, दुसरा टायरवर, मग काहीतरी तुटतं आणि तिसरा खर्च तुटलेल्या जागी जातो. ती जागा जाड केली की तिच्या शेजारची तुटते. शाफ्ट जाड झाला की डिफमधल्या, म्हणजे चाकांना जोर वाटून देणाऱ्या दातेरी पेटीतल्या, क्राऊन-पिनियनचे दात जातात, ते वाचले तर युनिव्हर्सल जॉइंटचा क्रॉस जातो. क्रॉस शंभर रुपयांच्या हिशेबात आणि क्राऊन-पिनियन हजारांच्या, हे लक्षात घेतलं तर कोण आधी तुटावं हे आपणच ठरवलेलं बरं. कंपनीने १९८५ मध्ये जिप्सी आणली तेव्हा ९७० सीसीचं इंजिन, चार गिअर, अरुंद मांडणी, आणि या सगळ्याला पुरतील एवढेच जॉइंट दिले. पुढे १९९६ मध्ये किंग आली, १३०० सीसी आणि पाच गिअर घेऊन, चाकांमधलं अंतर त्याआधीच, १९९३ मध्ये, नव्वदेक मिलिमीटरने वाढलं होतं. पण हजार किलोच्या आसपास वजन आणि २६ इंची चाक हे गणित तेच राहिलं. आपण हात घालतो तो या गणितात.

टायरपासूनच बघू. किंगला मूळ टायर २०५/७० आर १५, उंची साधारण ६६८ मिलिमीटर, म्हणजे २६.३ इंच. ३१ इंची टायर त्याहून १८ टक्के मोठा. जमिनीपासूनची उंची यातून सव्वादोन इंच वाढते आणि तीच खरी उंची, कारण हौसिंगच्या, म्हणजे दोन चाकांमधल्या डिफवाल्या आडव्या नळीच्या, पोटाखालची जागा फक्त टायरने वाढते. शॅकल वाढवा, पाटे वाढवा, हौसिंग आहे तिथेच राहतं, वर जाते ती बॉडी. पण १८ टक्क्यांची किंमत दोनदा द्यावी लागते. एकदा गिअरमध्ये: पहिला गिअर ३.६५२, ट्रान्स्फर केसचा (गिअरबॉक्सचा जोर पुढच्या-मागच्या चाकांकडे नेणाऱ्या पेटीचा) लो २.२६८, डिफ ३.९०९, तिघांचा गुणाकार ३२.४. इंजिन ८०० फेऱ्यांवर नुसतं घुमत असताना मूळ टायरवर गाडी ताशी ३.१ किलोमीटरने रांगते, ३१ इंचीवर ३.७ ने. आकडा किरकोळ वाटतो, पण धोंड्यावर चाक चढवताना हा अर्धा किलोमीटर म्हणजे क्लच अर्धवट दाबून ठेवावा लागणं, गाडी बंद पडणं, आणि मग चिडून झटका देणं. दुसऱ्यांदा किंमत जॉइंटवर: चाक अडकलं की जमीन शाफ्टला जो पीळ देते तोही १८ टक्क्यांनी वाढतो, कारण तरफेचा दांडा तेवढा लांब झाला. रिम बाहेर काढलेले असतील तर किंगपिनच्या, म्हणजे चाक ज्यावर वळतं त्या खिळीच्या, बेअरिंगवरचा भार वाढतो तो वेगळाच.

म्हणजे मोठा टायर घ्यायचा असेल तर आधी लो आणखी खाली आणायला हवा, आणि इथे जिप्सीवाल्यांचं नशीब चांगलं आहे. या गाडीची ट्रान्स्फर केस गिअरबॉक्सला चिकटलेली नसते. मध्ये एक तोकडा शाफ्ट, आणि केस चासीवर रबरी माउंटवर स्वतंत्र टांगलेली. गिअरबॉक्स न उतरवता ती एकटी खाली येते. दोन माणसं, एक ट्रॉली जॅक, अर्धा दिवस. जुन्या ९७० सीसीच्या जिप्सीच्या, म्हणजे ४१० च्या, केसमध्ये हाय १.५८० आणि लो २.५११, किंगच्या केसमध्ये १.४०९ आणि २.२६८. भंगारातली ४१० ची केस किंगखाली टांगली की हायमध्ये १२ टक्के आणि लोमध्ये ११ टक्के परत मिळतात. १८ टक्के गेले होते, त्यातले निम्म्याहून जास्त आले, आणि घाटात चौथ्या गिअरमध्ये धापा टाकणारी गाडी पुन्हा ओढू लागते. फ्लँजची भोकं तुमच्या शाफ्टशी जुळतात का हे गाडीखाली निजून नाही, टेबलावरच बघून घ्यावं. वेगाच्या काट्याची केबल याच केसमधून निघते, तेव्हा काटाही बदलतो. बाहेरच्या काही देशांत याच घडणीची गाडी सुझुकी सामुराई नावाने विकली गेली आणि तिच्यासाठी लो ४.१६ करणारे गिअरसंच बनतात. तो बसला तर पहिल्या गिअरचा गुणाकार ५९ च्या वर जातो आणि ३१ इंची टायरवरही गाडी ताशी दोन किलोमीटरने चालते. आजोबा संध्याकाळी देवळात जातात तो वेग. दगडावर हवा तो हाच.

इथे कुणीही विचारील की लो खाली आला म्हणजे शाफ्टवरचा पीळ वाढला, मग तुटणार नाही का? वाढतोच, ४.१६ ने जवळजवळ १.८ पट. पण जॉइंट पिळाने फार क्वचित तुटतात, बहुतेक वेळा धक्क्याने तुटतात. लो खाली असलेल्या गाडीला वेग घेऊन उडी मारावी लागत नाही, पायही हलका राहतो. तरी पाय जड असलेल्या माणसाने तो संच घेऊ नये असंच म्हणेन. आणि केसचे रबरी माउंट आधी बदलावेत. फाटलेल्या रबरावर केस पिळाबरोबर फिरते, तोकडा शाफ्ट वाकडा धावतो, आणि मग गुरगुर कुठून येते हे शोधण्यात रविवार जातो. केसमध्ये तेल मावतं फक्त पाऊण लिटरच्या जरा वर, तेव्हा ‘थोडंसंच गळतंय’ हे वाक्य इथे चालत नाही.

भंगारावरून आठवलं. कुर्ल्यात किंवा नाना पेठेत जिप्सीचं डिफ मागितलं की ‘एकच असतं’ असं सांगून काहीही हातात ठेवतात. एकच नसतं. ४१० चं ४.१११, किंगचं ३.९०९. मागचं एक आणि पुढचं दुसरं बसलं तर डांबरावर टू व्हीलमध्ये काहीच कळत नाही. फोर व्हील टाकलं की पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांशी भांडायला लागतात, लिव्हर अडकून बसते, आणि ट्रान्स्फर केस जिवानिशी जाते. ओळखायचं सोपं: क्राऊनचे दात मोजायचे, मग पिनियनचे. ३७ आणि ९ असतील तर ४.१११, ४३ आणि ११ असतील तर ३.९०९. हाफ शाफ्टचे आटेही मोजून जुळवून घ्यावेत. डिफ उघडलंच आहे तर क्राऊन आणि पिनियनमधला प्ले, म्हणजे दातांमधली मोकळी हालचाल, डायल गेज लावून मोजावा, ०.१३ ते ०.१८ मिलिमीटर. अंगठ्याने हलवून ‘बरोबर आहे’ म्हणणारा मिस्त्री कितीही जुना असो, डायल मागावा. मग क्राऊनच्या सात-आठ दातांना शेंदूर तेलात कालवून लावायचा, हाताने मागेपुढे फिरवायचं आणि उमटलेला ठसा बघायचा. ठसा दाताच्या मधोमध हवा. टोकाला आला तर पिनियन लांब आहे, मुळाशी आला तर जवळ. शेंदूर फासला की दगडाचाही देव होतो. डिफचं मात्र तसं होत नाही, ठसा चुकला असेल तर शिम, म्हणजे मधल्या पातळ चकत्या, काढून पुन्हा पहिल्यापासून. पिनियनवरचा दबणारा स्पेसर एकदाच वापरायचा असतो. जुनाच घालून नट आवळला की दोन हजार किलोमीटरमध्ये डिफ रडायला लागतं, आणि ते रडणं ॲक्सिलरेटर सोडला की सूर बदलतं. हा सूर एकदा कानात बसला की जन्मभर पुसत नाही.

आता पाटे.

लोहार कोयत्याला पाणी देतो तसं पाट्याच्या पोलादालाही पाणी दिलेलं असतं. पाट्याची सगळी लवचीकता त्या पाण्यात. कमान वाढवून द्या म्हटलं की काही ठिकाणी पाटा गॅसने लाल करतात आणि ठोकून वाकवतात. गाडी दुसऱ्या दिवशी छान उंच दिसते. पाणी उतरलेलं असतं, पावसाळा सरायच्या आत पाटा बसतो, किंवा नेमका तापवलेल्या जागी तुटतो. कमान थंड पाट्यावर, घणाच्या एकेका घावाने, दोन-दोन बोटांवर ठोकत चढवायची असते. असे कारागीर अजून आहेत, ट्रकच्या पाट्यांची दुकानं शोधावीत. खरं तर जिप्सीच्या पाट्यांना उंचीपेक्षा मोकळेपणाची गरज जास्त असते. संच सोडवायचा, प्रत्येक पान वायर ब्रशने घासायचं, टोकांना पडलेली धार ग्राइंडरने गोल करायची, कारण तीच धार वरच्या पानात खाच पाडते आणि पाटा तिथेच तुटतो. पानांमध्ये ग्रॅफाइट ग्रीस हलक्या हाताने. क्लिपा पानांना आवळून धरत असतील तर जराशा उघडून द्यायच्या, काढून मात्र टाकायच्या नाहीत. चाक खाली लोंबकळलं की पानं पंख्यासारखी फाकतात. बुश रबराचे असतील तर डोळ्याचे आणि शॅकलचे बोल्ट गाडी चारही चाकांवर उभी असताना आवळायचे. गाडी स्टँडवर, चाकं लोंबकळत असताना आवळलेले बोल्ट रबराला त्या स्थितीत धरून ठेवतात, गाडी खाली उतरली की रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि महिनाभरात फाटतं. ही चूक इतकी सर्रास दिसते की नवीन बुश ‘माल खराब निघाला’ म्हणून परत जातात. पाटा हौसिंगला बांधणारे यू बोल्ट नवे घ्यायचे, सहा ते आठ किलोमीटर टॉर्कने कोपऱ्या-कोपऱ्याने आवळायचे, शंभर किलोमीटर चालल्यावर परत. (इथले किलोमीटर म्हणजे किलोग्रॅम-मीटर, रस्त्याचे नव्हेत. या घोटाळ्यावरूनही भांडणं झालेली आहेत.)

या सगळ्याचा उपयोग झाला का हे बघायला ओढ्यात जावं लागत नाही. सपाट जमिनीवर पुढच्या एका चाकाखाली ट्रॉली जॅक लावायचा आणि उचलत राहायचं. बाकीच्या तिघांपैकी एखादं चाक जमीन सोडेल तेव्हा थांबून, पुढचं चाक किती उंच आलं ते टेपने मोजायचं. कामाआधी एकदा, कामानंतर एकदा. शॉकअप काढून ठेवून हीच कसरत केली की पूर्ण लोंबलेल्या आणि पूर्ण दबलेल्या स्थितीत दोन डोळ्यांमधलं अंतर मिळतं. नवा शॉकअप उघडला तर लोंबत्या मापापेक्षा थोडा लांब, मिटला तर दबत्या मापापेक्षा थोडा आखूड हवा. लांबी कमी पडली तर शॉकअपच पट्ट्याचं काम करतो आणि तुटतो. मिटल्यावर लांब राहिला तर रबर स्टॉपरच्या आधी तोच ठोकर खातो. ब्रेकचा होजही याच वेळी बघायचा. लोंबलेल्या चाकाबरोबर होज ताठ होत असेल तर बाकी सगळं थांबवून आधी तो बदलावा.

शॅकल वाढवण्याचं काम स्वस्त, झटपट, म्हणून सगळे आधी तेच करतात. शॅकल दोन इंच वाढवली की गाडी वाढते एकच इंच, कारण पाट्याचं दुसरं टोक जागेवरच असतं. आणि जिप्सीत पुढची शॅकल पाट्याच्या पुढच्या टोकाला आहे. ती लांब झाली की पाट्याचं नाक खाली जातं, त्याच्यासोबत हौसिंग पुढे झुकतं, आणि कास्टर, म्हणजे किंगपिनचा मागे झुकलेला कोन, पडतो. पाटा साधारण मीटरभर धरला तर दोन इंचांनी तीनेक अंश. मुळात कास्टर साडेतीनच्या आसपास, म्हणजे उरला जेमतेम अर्धा अंश. सायकलचा पुढचा चिमटा सरळ उभा केला तर ती हात सोडून चालवता येईल का? तसंच. गाडी रस्ता शोधत धावते, वळणानंतर स्टिअरिंग आपोआप परत येत नाही, साठच्या पुढे एखादा खड्डा लागला की पुढची दोन्ही चाकं थरथरायला लागतात आणि ते गाडी उभी करेपर्यंत थांबत नाही. लोक मग चाकं बॅलन्स करतात, टाय रॉडची टोकं बदलतात, डँपर लावतात. उपाय पाचरीचा आहे. हौसिंगच्या सीटखाली आणि पाट्याच्या वर, जाड बाजू पुढे ठेवून दोन-तीन अंशांची पोलादी पाचर, सेंटर बोल्ट तेवढा लांब. ॲल्युमिनियमची पाचर यू बोल्टखाली तडकते, ती घेऊ नये. आणि पाचर मारली की कास्टर परत येतो, पण पिनियनचं तोंड खाली वळतं आणि पुढच्या शाफ्टचा कोन बिघडतो. इकडे ओढलं की तिकडे उघडं पडतं, आखूड पांघरुणासारखं. म्हणून एक इंचाच्या वर शॅकल वाढवूच नये असं स्पष्ट सांगावंसं वाटतं.

पाटे हौसिंगच्या खालून काढून वर घेणं हा पुढचा, मोठा पल्ला. जिप्सीत पाटे हौसिंगखाली असतात. वर घेतले की गाडी एकदम पाच-साडेपाच इंच उचलली जाते. त्या फोटोंना फार लाइक मिळतात. पण हौसिंगवर नव्या सीट वेल्ड कराव्या लागतात, आणि वेल्डिंगच्या आधी पिनियनचा कोन, पुढचा कास्टर, दोन्ही ठरवून सीट नुसत्या टाक्यांवर धरून, गाडी चाकांवर उतरवून मापं परत घ्यावी लागतात. एकदा पक्कं झालं की चूकही पक्की. साधा शाफ्ट असेल तर दोन्ही टोकांचे कोन सारखे हवेत, नाही तर साठ-सत्तरला पायाखाली भिरभिर. शाफ्ट उघडून परत जोडताना दोन्ही टोकांचे चिमटे एका रेषेत आले नाहीत तरीही तीच भिरभिर, आणि तेव्हा दोष उगाच कोनाला लावला जातो. स्प्लाइन बाहेर सरकते, फ्लँजमध्ये स्पेसर लागतो. ड्रॅग लिंक, म्हणजे स्टिअरिंगचा जोर चाकाकडे नेणारा दांडा, पाट्याला घासते, तिला वळण द्यावं लागतं किंवा वरच्या बाजूने नवा आर्म. आणि हौसिंग आता पाट्याच्या खाली लटकत असल्याने जोर लावला की ते पिळतं, पाटा इंग्रजी एससारखा वाकतो, सोडलं की झटक्याने सरळ होतो. त्या झटक्याला क्रॉस जातो. मग तो पीळ थोपवायला ट्रॅक्शन बार. चाकांमध्ये जेमतेम १.३ मीटर अंतर असलेली गाडी अर्धा फूट उंच झाली की तिरप्या उतारावर पोटात येणारा गोळा वेगळा, त्याला कोणताही बार नाही. मोकळ्या वाळवंटात किंवा मोठाल्या धोंड्यांच्या मुलखात याला अर्थ असेलही. सह्याद्रीत पावसाळ्यात अडवतो तो चिखल. मावळातली चिकट माती टायरच्या खाचा भरून त्याला गुळगुळीत नळा करते, कोकणात जांभ्याचा लाल राडा साबणासारखा. तिथे हवा २६ वरून १८ वर आणणं आणि ३१ इंचीहून अरुंद, खोल खाचांचा २३५/७५ टायर हे बऱ्याचदा पाच इंचांच्या वर भारी पडतं. ताडोबात दिवसभर पर्यटक वाहणाऱ्या जिप्सी मूळ उंचीवरच धावतात, आणि त्यांचं आयुष्य काही सोपं नसतं.

चिखलापेक्षा पाणी वाईट. डांबरावरून तापून आलेलं डिफ थंड ओढ्यात शिरलं की आतली हवा आकसते, आणि वरचा ब्रीदर, म्हणजे हवा यायजायचं तोंड, चिखलाने बुजलेला असेल तर हौसिंग सीलच्या ओठातून पाणी ओढून घेतं. दुसऱ्या दिवशी ड्रेन प्लग सैल करून दोन थेंब बोटावर घ्यावेत. दुधाळ कॉफीचा रंग असेल तर सगळं तेल बदलावं. पुढचं, मागचं आणि ट्रान्स्फरचं, तिन्ही ब्रीदर आठ मिलिमीटर रबरी नळीने बॉनेटखाली वर नेऊन टाकले की हा प्रश्न संपतो. शंभर-दोनशे रुपये आणि तासभर. तरीही दहातल्या आठ ‘तयार’ गाड्यांखाली वाकून बघा, बारा हजारांचा बंपर असेल, नळी नसेल.

आरटीओचं एक सांगायला हवं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि २०१९ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल यानंतर, कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल केलेली गाडी सार्वजनिक रस्त्यावर आणणं म्हणजे धोका पत्करणं आहे, आणि अपघात झाला तर विमा कंपनी पहिलं बोट तिथेच ठेवते. ट्रान्स्फर केसमधले दात बाहेरून दिसत नाहीत, कायदा मात्र दिसण्यावर चालत नाही. ट्रेलरवरून नेणारे नेतात.

तर तो तुकडा. मिस्त्रींनी नकलमधलं ग्रीस बोटांनी ओरपून वर्तमानपत्रावर काढलं. काळं असायला हवं होतं. राखाडी, पातळ होतं, म्हणजे आतलं सील आधीच गेलेलं आणि डिफचं तेल ग्रीसमध्ये उतरत होतं. अशा पातळ खळीत छर्रे कोरडेच फिरतात, आणि शेवटपर्यंत वळलेल्या स्टिअरिंगवर ते वाटीच्या अगदी काठाशी आलेले असतात, जिथे पोलाद सगळ्यात पातळ. तुटण्याच्या आधी महिनाभर तरी हा जॉइंट पूर्ण वळणावर कटकट करत असणार. मालकांना विचारलं तर म्हणाले, “हो, पण गाणी चालू असली की ऐकू येत नाही.” तुकडा ग्रीसमध्ये नव्हता. लोहचुंबक फिरवला, बारीक कीस लागला, तुकडा नाही. शेवटी नकलच्या मागची पट्टी सोडून बुरणुसाची चकती ओढली, तेव्हा ती एका जागी फुगलेली दिसली. घडीत शिरून बसला होता. तसाच राहिला असता तर नव्या वाटीने पहिल्याच वळणावर तो गिळला असता.

नवा जॉइंट मूळ मापाचाच बसला, जाड नाही. मॉलिब्डेनमवालं ग्रीस वाटीत तळहाताने दाबून भरलं, नवं सील, नवा बुरणूस. मग किंगपिन. वरखाली टोप्यांचे बोल्ट आवळून झाल्यावर, सील चढवायच्या आधी, मिस्त्रींनी नकलच्या टाय रॉडच्या भोकात स्प्रिंगकाटा अडकवला आणि हळूच ओढला. नकल हलायला एक ते पावणेदोन किलो लागायला हवेत. लागला पाऊण. वरच्या टोपीखालचा एक शिम काढला, परत ओढला. सव्वा. काटा खिशात गेला. पुढच्या शॅकल सोडून कोपऱ्यात टाकल्या होत्या, भडक पिवळा रंग अजून ताजाच. जागेवर मूळच्या, गंजलेल्या, आखूड परत चढल्या. शेवटी दोन्ही नकलवरचे स्टिअरिंगचे स्टॉप बोल्ट दोन-दोन आटे बाहेर काढून चेकनट आवळले. गाडी आता जरा मोठं वळण घेणार, एखाद्या गल्लीत एकदा जास्त मागे घ्यावी लागणार. छर्रे वाटीच्या काठापर्यंत पोहोचणार नाहीत.

“याचे किती झाले?” मालकांनी बोल्टाकडे बघत विचारलं.

“याचे काय घ्यायचे, साहेब,” मिस्त्री म्हणाले, आणि तुकडा वर्तमानपत्रावरच्या वाटीला लावून बघितला. बसला.